साडेतीन कसं लिहायचं? सहावीच्या वर्गातल्या दशांश अपूर्णांकांचं एक प्रकरण

फळ्यावर दोन संख्या लिहिल्या, ३.५ आणि ३.२५. मोठी कोणती? वर्गात तेवीस मुलं. बहुतेक हात ३.२५ च्या बाजूने वर गेले. त्यातल्या एका हाताकडे मी बघतच राहिले. हा मुलगा रोज सकाळी सायकलला कॅन अडकवून दूध घालायला जातो. पावतीवरची फॅट ३.५ च्या खाली गेली की दर कापतात, हे त्याला पाठ आहे. ३.४ लागली त्या दिवशी घरी काय ऐकावं लागतं तेही त्याला माहीत आहे. त्यालाच विचारलं, ३.२५ मोठी कशी रे?

"बाई, हिकडं पंचवीस हायत. तिकडं नुसते पाच."

डेअरीत ३.५ आणि ३.४ मधला फरक ज्याला पैशात कळतो, त्याला वर्गात ३.५ कळत नाही. पुढचे जवळजवळ दोन आठवडे मी या एका गोष्टीमागे घालवले. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. गाव ऊस आणि दुधावर चालणारं. मुलांची आणि गावाची नावं लिहीत नाही. दूध घालणाऱ्या मुलाला सोयीसाठी 'डेअरीवाला' म्हणते. वर्गात सगळे तेच म्हणतात आणि त्याला ते आवडतं.

आधी माझ्या चुका सांगते.

पहिल्या दिवशी मी वर्षानुवर्षं सांगत आले तेच सांगितलं: ठिपक्यानंतरचे अंक सारखे करून घ्या, कमी पडतील तिथे शून्य लावा. ३.५ चे ३.५० करा, आता ५० आणि २५ बघा. वहीत सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. मी खूश. तीन दिवसांनी तोच प्रश्न आकडे बदलून दिला, तर नियमाचा भुगा झालेला. एकाने ३.०५ चे ३.५० केले, कारण 'शून्य लावायचं' एवढंच लक्षात राहिलेलं. दुसऱ्याने शून्य पुढे लावलं. नियम त्यांचा नव्हता, माझा होता, आणि तो त्यांनी माझ्यासारख्याच प्रामाणिकपणे वापरला होता.

मग मी पैसे काढले. रुपये-पैसे हे दशांश शिकवण्याचं सर्वांत लाडकं उदाहरण. ३.५ रुपये म्हणजे किती? उत्तर आलं, "तीन रुपये पाच पैसे." आणि ३.२५? "तीन रुपये पंचवीस पैसे." मग जास्त कुठले? अर्थात ३.२५! माझ्याच उदाहरणाने त्यांची चूक सिमेंट लावून पक्की केली. रुपये-पैशात ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या, पूर्ण संख्या बसलेल्या असतात. अलीकडे रुपये, पलीकडे पैसे. ठिपका ही नुसती भिंत. मुलांच्या डोक्यात नेमकी तीच भिंत होती. शिवाय ३० जून २०११ पासून पंचवीस आणि त्याखालच्या पैशांची नाणी चलनातून गेली. माझ्या वर्गातलं एकही मूल तेव्हा जन्मलेलं नव्हतं. पैसा त्यांच्यासाठी फक्त शब्द आहे, आणि शब्दाच्या आधाराने मी दुसरा शब्द समजावत होते.

इथे थांबून थोडं मागचं सांगते. मूल ज्ञान आयतं घेत नाही, स्वतःच्या अनुभवातून ते रचतं, असं मानणारा ज्ञानरचनावाद हा शब्द आमच्याकडे आता नवा राहिलेला नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये तो आला. २२ जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राच्या शासन निर्णयानंतर तो शाळाशाळांत पोचला. अशा शिकवण्यासाठी गाजलेल्या, सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, त्यांत मीही होते. आल्यावर आम्ही काय केलं? फरशा रंगवल्या. वर्गात गोलात गोल काढले, दशकाचे गठ्ठे बांधले, बाटल्यांची झाकणं गोळा केली. यातलं काहीच वाईट नव्हतं. पण तिथल्या बाई मुलाच्या चुकीच्या उत्तरानंतर पुढचा प्रश्न कसा विचारतात, हे आम्ही फारसं टिपून आणलं नाही. फोटो फरशीचा येतो, प्रश्नाचा येत नाही. माझ्या खोलीतली फरशी अजून रंगीत आहे आणि त्याच फरशीवर उभी राहून मी "शून्य लावा" सांगत होते.

डी.एड.ला मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे शिकले होते. मूल नवी गोष्ट आधी जुन्या चौकटीत बसवून बघतं, ते सात्मीकरण. बसली नाही की चौकट बदलावी लागते, ते समायोजन. परीक्षेत पाच गुणांना लिहिलं होतं. डेअरीवाल्याचं "पंचवीस हायत" हे शंभर टक्के सात्मीकरण आहे. पूर्ण संख्यांची चौकट त्याने पहिलीपासून कष्टाने बांधली आहे. जास्त अंकांची संख्या मोठी, हे तिथे कधीच चुकलेलं नाही. मग तो ती माझ्या सांगण्यावरून का मोडेल? ती मोडायला अशी गोष्ट हवी, जी त्याला स्वतःला खरी वाटते आणि तरीही त्या चौकटीत बसत नाही. ती मला फळ्यावर सापडत नव्हती.

म्हणून मुलांना घरचा अभ्यास दिला: साडेतीन हा शब्द कुठे कुठे वापरतात ते बघा, आणि तिथे तो आकड्यात कसा लिहितात ते चिठ्ठीवर उतरवून आणा. सव्वा, दीड, अडीच, पावणे हे शब्द मराठी मूल शाळेत यायच्या आधीच शिकून येतं. त्याला अपूर्णांक येत नाहीत असं म्हणताना आपण हे विसरतो.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या आल्या. दुधाच्या पावतीवर, फॅट: ३.५. शाळा सुटायची वेळ: ३.३०. साडेतीन रुपयांची वस्तू काही कुणाला सापडेना, म्हणून डेअरीच्याच पावतीवरचा दर चालवून घेतला, ३३.५०, साडेतेहतीस. क्रिकेटवेड्या दोघांनी आणलं: साडेतीन ओव्हर, ३.३. आणि एका मुलीने आज्जीला विचारून आणलं होतं, 'तीन रुपये आठ आणे'.

सगळ्या चिठ्ठ्या फळ्यावर चिकटवल्या आणि मी खुर्चीत बसले. हे बसणं मला अवघड जातं. अठरा वर्षं उभं राहून बोलायची सवय आहे.

पहिला उडाला तो डेअरीवाला. "३.३ साडेतीन कसं? ३.३ फॅटीला साडेतीन म्हणून पैसे मागितले तर हाकलून लावतील!" क्रिकेटवाला म्हणाला, "अरे तीन ओव्हर झाल्या आणि तीन बॉल. सहातले तीन म्हणजे निम्मे." "मग तिथं ३.५ म्हणजे काय?" "पाच बॉल. पुढचा बॉल पडला की चार ओव्हर." "३.६ कुठं गेली मग?" "३.६ नसतीच!"

वर्गात हशा झाला, पण डेअरीवाला हसला नाही. त्याच्या पावतीवर ३.६ असते, ३.७ असते. गेल्या आठवड्यात त्यांच्या गायीला ३.८ लागली होती.

इथे मी एकच प्रश्न विचारला. प्रत्येक चिठ्ठीसमोर जाऊन सांगा, तीनच्या पुढे वाढत वाढत गेलो तर चार कधी होतात? कागदपेन्सिल घेऊन मुलं भांडायला लागली. ओव्हरमध्ये ३.५ नंतर ४. घड्याळात ३.५९ नंतर ४. रुपयात ३.९९ नंतर. फॅटमध्ये ३.९ नंतर. आणि आण्यात, आज्जीवाली मुलगी म्हणाली, पंधरा आण्यांनंतर, "सोळा आणे म्हणजे रुपया, म्हणून तर सोळा आणे खरं म्हणतात." १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, ही भर मी घातली. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. त्यांचं काम चालू होतं.

मग खिडकीजवळच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, "बाई, ठिपका सगळीकडं त्योच हाय. पण मागचं घर किती झाल्यावर भरतंय ते येगळं हाय."

हे वाक्य माझ्या पाठाच्या टाचणात नव्हतं. असतं तरी मी ते इतकं नेमकं लिहिलं नसतं. मी ते त्याच्याच शब्दांत कार्डशीटवर लिहून भिंतीवर लावलं. मग विचारलं, गणिताच्या पुस्तकातला ठिपका यांतल्या कुणाचा? थोडा वेळ क्रिकेटकडे कल होता. पण दशांश या शब्दातच दहा आहे हे दोघींनी पकडलं आणि मत डेअरीच्या बाजूने फिरलं. डेअरीवाला विजयी मुद्रेने बसला.

तो फार वेळ बसू शकला नाही, कारण मी पुन्हा ३.२५ दाखवली. पावतीवर ठिपक्यानंतर एकच अंक असतो. मग ही संख्या डेअरीत कुठे बसवायची? तो म्हणाला, "असली फॅट नसती बाई. मशीनवर ३.२ दिसती, न्हाईतर ३.३." आणि मागून एका मुलीचा आवाज आला:

"मशीन दाखवत न्हाई म्हणजे नसती व्हय?"

घंटा झाली. त्या दिवशी मी दुसरं काही शिकवलं नाही.

पुढचे तीन दिवस पट्ट्यांचे. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण करून बघणाऱ्याला तोच उपयोगी पडेल. कॅलेंडरच्या मागच्या पांढऱ्या कागदाच्या, बरोबर एक मीटर लांब, खुणा नसलेल्या पट्ट्या कापल्या. वर्गाचे गट केले. निम्मे गट वर्गात, निम्मे व्हरांड्यात. आतल्या गटाने वर्गातल्या एका वस्तूची लांबी पट्टीने मोजायची आणि चिठ्ठीवर लिहून बाहेर पाठवायची. बाहेरच्या गटाने वस्तू न बघता तेवढी सुतळी कापायची. मग आत आणून लावून बघायची. स्केल वापरायची नाही.

पहिली चिठ्ठी गेली: 'दोन पट्ट्या आणि निम्म्याला थोडं कमी'. सुतळी आली ती वीतभर आखूड. आरडाओरडा. "थोडं म्हणजे किती ते लिव्हा की!" दुसऱ्या फेरीत एका गटाने पट्टीची घडी घातली, घडीची घडी, पुन्हा घडी, आणि लिहिलं, 'दोन पट्ट्या तीन घड्या'. बाहेरच्यांनीही घड्या घातल्या होत्या, पण चारदा. आतल्यांच्या पट्टीचे आठ भाग, बाहेरच्यांचे सोळा. सुतळी पुन्हा आखूड. या वेळी भांडण लवकर मिटलं, कारण चूक कुठे ते लगेच सापडलं: तुमची घडी बारीक आहे. मग तिसऱ्या चिठ्ठीवर आलं, 'दोन पट्ट्या, आठातल्या तीन घड्या'. सुतळी बरोबर बसली. छेद कशासाठी लिहायचा, हे पाचवीत मी सांगून सांगून थकले होते. इथे तो त्यांनी भांडून मिळवला.

जाता जाता एक गोष्ट. चारदा घडी घातली की सोळा भाग होतात. रुपयाचे आणे सोळा, शेराच्या छटाका सोळा. निम्म्याचं निम्मं करत जाणं हाताला सोपं असतं, म्हणून जुनी मापं तशी. आज्जीवाल्या मुलीला मी हे दाखवलं तेव्हा तिने पट्टीच्या प्रत्येक घडीवर 'आणा' असं लिहून टाकलं.

पण इथून दहापर्यंत मुलं आपापली जाणार नव्हती. पट्टीचे दहा भाग करा, असं कुठलंही मूल स्वतःहून म्हणणार नाही. घड्या घालून दहा होतच नाहीत. हे मी सरळ सांगितलं. आपली अंकांची पद्धत दहा झाले की पुढचं घर अशी चालते, म्हणून पट्टीचेही दहा करू, म्हणजे छेद लिहायची कटकट जाईल. ज्ञानरचनावादी वर्गात शिक्षकाने काही सांगायचंच नाही, असा एक समज आमच्यात पसरला आहे. मला तो पटत नाही. जे माणसांनी आपसांत ठरवलं आहे ते शोधून सापडत नसतं, ते सांगावंच लागतं. शोधायचं असतं ते, ठरवण्याची गरज का पडली, हे. मूल जाणत्याच्या मदतीने पुढची पायरी गाठतं असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की वाचताना मला नेहमी बांधकामाची परांची आठवते. भिंत गवंड्याची, परांचीवाल्याची नव्हे. पण परांची बांधल्याशिवाय गवंडी वरच्या थराला हात घालू शकत नाही.

दहा भागांच्या पट्टीने मोजताना उरलेला तुकडा एका भागापेक्षा लहान निघाला, तेव्हा काय करायचं हे मला सांगावं लागलं नाही. "त्या एका भागाचं अजून धा करा." टेबलाची लांबी आली १ पट्टी, २ मोठे भाग, ५ बारके. बाजूलाच खिडकीची रुंदी होती, १ पट्टी आणि ५ मोठे. ठिपका देऊन लिहा म्हटलं. १.२५ आणि १.५. डेअरीवाला दोन्ही सुतळ्या शेजारी धरून उभा होता. खिडकीची सुतळी टेबलाच्या सुतळीपेक्षा चांगली वीतभर लांब. तो काहीच बोलला नाही. सुतळ्या खाली ठेवल्या, उचलल्या, परत लावून बघितल्या. मग म्हणाला, "पंचवीस न्हाईत ते. दोन हायत, आणि पाच बारकी."

त्या दिवसापासून वर्गात 'तीन पॉइंट पंचवीस' म्हणणं बंद केलं. बालभारतीच्या पुस्तकात 'तीन दशांश चिन्ह दोन पाच' असं वाचायला सांगितलेलं असतं. ते मला नेहमी उगाच लांबण वाटायचं. नव्हतं.

इथे प्रकरण संपलं असं मला वाटलं होतं. ३.५ आणि ३.२५, ४.७ आणि ४.३८, अशा जोड्या दिल्या, जवळजवळ सगळ्यांची उत्तरं बरोबर. केंद्रप्रमुख साहेब आले होते, त्यांनाही वह्या दाखवल्या. दोन दिवसांनी सहज २.७ आणि २.८६ दिली. तिघांनी २.७ मोठी म्हणून सांगितलं. त्यांत सुतळीच्या खेळात पुढे असलेली एक हुशार मुलगी होती. कारण विचारलं तर म्हणाली, "८६ मध्ये शतांश आलेत. शतांश बारीक असतात. म्हणून ती लहान."

म्हणजे माझ्या पट्टीवरून तिने नवाच नियम बांधला होता: ठिपक्यानंतर अंक जितके जास्त, तितकी संख्या लहान. आणि मी दिलेल्या प्रत्येक जोडीत तो नियम बरोबर उत्तर देत होता! मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी दशांशातल्या अशा चुकांचे प्रकार लावले आहेत. 'लांब ती मोठी' मानणारी मुलं आणि 'आखूड ती मोठी' मानणारी मुलं, हे त्यांतले दोन मुख्य. माझ्या वर्गातली तिघं पहिल्या प्रकारातून थेट दुसऱ्यात गेली होती, आणि मी टिकमार्क करत बसले होते. गणितशिक्षणाचे संशोधक स्टॅनली एर्लवँगर यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका सहावीतल्या मुलाशी बोलून जे लिहिलं, ते मला तेव्हा खरं कळलं. तो मुलगा कार्डांवरून स्वतःचा स्वतः शिकून भराभर पुढे चाललेला. कुणी जवळ बसून विचारलं तेव्हा कळलं की ०.३ आणि ०.४ ची बेरीज तो .०७ करतो, आणि त्याच्याकडे त्याची कारणंही आहेत. उत्तर बरोबर आहे म्हणजे आत काय बांधलंय ते कळलं, असं होत नाही.

त्या मुलीला मी नियम दिला नाही. २.७ आणि २.८६ च्या सुतळ्या कापायला लावल्या. कापायच्या आधीच, पट्टीवर सात मोठे भाग मोजून बोट ठेवल्यावर, ती थांबली. "बाई, आठ तर मोठेच हायत. बारकी त्याच्या पुढं." उरलेल्या दोघांपैकी एकाने तिचं ऐकून वहीत 'आधी दशांशाचं घर बघायचं' असं लिहून घेतलं. त्याला ते समजलं की त्याने नुसतं उतरवलं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याच्या उत्तरांत अजून अधूनमधून गडबड होते. मी त्याच्याजवळ पुरेसा वेळ बसले नाही, एवढं खरं.

वेळेचा हिशेबही मांडते, कारण सगळे तोच विचारतात. वार्षिक नियोजनात या भागाला तीन तासिका होत्या, मला नऊ लागल्या. पुढचा घटक ढकलला आणि तो घाईत झाला. तो घाईत झाल्याचं संकलित चाचणीत दिसलं. दशांशाच्या बेरीज-वजाबाकीला मात्र फार कमी वेळ लागला, कारण घराखाली घर मांडायचं का, हे कुणाला सांगावं लागलं नाही. सगळेच घटक असे शिकवता येतील असं मी म्हणणार नाही. कुठे नऊ तासिका घालायच्या आणि कुठे सरळ सांगून मोकळं व्हायचं, हे ठरवणं हेच मला आता टाचणातलं खरं काम वाटतं.

साडेतीनच्या चिठ्ठ्या मी भिंतीवरून काढल्या नाहीत. परवा झाडताना लक्षात आलं, शेवटी एक नवी चिठ्ठी चिकटवलेली आहे. अक्षर डेअरीवाल्याचं. मोबाइलवरच्या कुठल्याशा गेमचं अपडेट: '२.९ नंतर २.१० आलं.' आणि खाली, 'हितलं घर कितीला भरतंय?'

खाली उत्तरासाठी जागा सोडलेली आहे. मी अजून काही लिहिलेलं नाही.